दोनदा धुतलेले फ्रॉक

लोकांच्या कपड्यांवरचे डाग काढून ज्यांचं पोट चालतं, त्यांच्याच घरातल्या पोरीनं पिवळट पडलेल्या फ्रॉकमध्ये रस्त्यावर फिरायचं, म्हणजे दुकानाच्या पाटीला आपल्याच हातानं काळं फासायचं. निदान आत्याला तसं वाटायचं. आणि आत्याला एकदा काही वाटलं की ते वाटणं काढायची पावडर अजून कुठल्या कारखान्यात निघालेली नव्हती.

दुकान खाली, घर वर, मध्ये अरुंद लाकडी जिना. खाली समोरच्या बाजूला दादा, म्हणजे आत्याचा थोरला भाऊ, इस्त्रीच्या टेबलाशी उभा राहून गिऱ्हाइकांशी गोड बोलायचा. मागच्या खोलीत दोन मोठी मशिनं, एक ड्रायर आणि आत्या. तिचं लग्न झालं होतं आणि मोडलंही होतं. कुणी खोदून विचारलंच तर ती म्हणे, "दिसायला छान होता हो, पण पहिल्याच धुण्यात रंग सोडला." विचारणारा हसायचा आणि विषय तिथंच मिटायचा. भावाच्या घरी परत आली तेव्हाच तिनं मनाशी पक्कं केलं होतं की इथं आयतं बसून खायचं नाही. आणि खरंच, दुकानाला नाव मिळालं ते तिच्या हातामुळे. शेवटच्या पाण्यात ती वासाचं निळं पाणी टोपण भरभरून ओतायची. "गठ्ठा सोडला की घरभर कळलं पाहिजे, कपडे कुठून आलेत ते," असं तिचं म्हणणं. गिऱ्हाइकं घडी नाकाशी धरत आणि डोळे मिटत. आत्याला दुसरं बक्षीस नको असे.

दादानं लग्न उशिरा केलं. त्यामुळे वहिनी आत्यापेक्षा वयानं लहान आणि नात्यानं मोठी, आणि कुणी कुणाला किती मान द्यायचा हा प्रश्न लग्नाच्या दिवसापासून लोंबकळत पडलेला. वहिनी तिला "ताई, तुम्ही" म्हणायची, आत्या तिला "वहिनी, तू" म्हणायची, आणि दोघीही आपण मोठेपणा दाखवला असं समजायच्या. वहिनी सकाळी एका शाळेच्या ऑफिसात कामाला जाई आणि दुपारी परत येई. तेवढा वेळ घरातली चार वर्षांची पोर आत्याकडे.

या पोरीला सगळे ढब्बू म्हणत. जन्मली तेव्हा तशीच होती, गोल, मांड्यांना वळ्या पडलेली. पण गालांवर लाल चट्टे तिनं बरोबरच आणले असावेत, इतक्या लवकर ते उठले. आधी गाल, मग मान, मग कोपरांच्या आणि गुडघ्यांच्या मागच्या घड्या. कधी कोरडे पडून खवले निघायचे, कधी ओले होऊन पाझरायचे. झोपेत ढब्बू इतकी खाजवायची की सकाळी चादरीवर रक्ताचे ठिपके असत. ते ठिपके आत्या काढायची, थंड पाण्यानं, हलक्या हातानं. रक्ताला गरम पाणी लावलं की डाग बसतो, एवढं तिला कळत होतं. डागाच्या बाबतीत तिला सगळंच कळत होतं.

इसब आहे, हे डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. त्वचेच्या डॉक्टर होत्या, बोलायला शांत, पण एक वाक्य पुन्हा पुन्हा म्हणायच्या, "एकच कारण शोधत बसू नका." कातडीच मुळात नाजूक आहे, म्हणाल्या. आईला लहानपणी दमा होता, ते थोडं रक्तातून आलं असेल. पण बाहेरच्या गोष्टी भर घालतात. अंघोळ फार गरम पाण्यानं नको, फार वेळ नको, अंग टिपलं की लगेच मलम. लोकर अंगाला लागू देऊ नका, धूळ धरणारं काही खोलीत ठेवू नका. थंडीत हीटर लावून खोलीची हवा कोरडी करू नका. घाम आला की कपडा बदला. घरात कुणी विडी-सिगारेट ओढत असेल तर बंद. आणि कपडे साध्या, बिनवासाच्या साबणानं धुवा, भरपूर पाण्यातून काढा. खाणं मात्र मला विचारल्याशिवाय तोडू नका, वाढीचं वय आहे.

दादानं मागच्या दारातली सिगारेट सोडली आणि महिनाभर सगळ्यांवर खेकसत राहिला. हीटर माळ्यावर गेला. गालिचा गेला, लोकरीचे स्वेटर गेले, कापसाची अस्वलं गेली. आणि एका सकाळी वहिनी मागच्या खोलीच्या दारात येऊन म्हणाली, "ताई, ढब्बूचे कपडे आता मीच धुणार. हातानं, साध्या साबणानं. दुकानातलं काही नको लावायला."

"का? दुकानातल्याला काय धाड भरली?"

"वासाचं चालत नाही म्हणाल्या डॉक्टर."

"वासानं कुणाला खाज सुटते होय? मग आपलं अर्धं गाव आतापर्यंत खाजवत बसलं असतं."

 वहिनीनं ढब्बूचे कपडे टोपलीतून वेचून घेतले आणि वर गेली. आत्याला ते फार लागलं. आपल्या हातचं या घरातल्या एकाच माणसाला चालत नाही, आणि ते माणूस म्हणजे आपल्या अंगाखांद्यावर वाढलेली ढब्बू! डॉक्टरचं निमित्त आहे, तिच्या मनात आलं. वहिनीला आता लेकीच्या कपड्यांवरूनही आपला हात काढून घ्यायचाय.

वहिनीचं धुणं म्हणजे आनंदच होता. बाह्यांवर मलमाचे तेलकट डाग तसेच, गळ्याशी पिवळी रेघ, पांढरा फ्रॉक राखाडी. मागच्या दोरीवर ते कपडे वाळत पडलेले दिसले की आत्याचा जीव खालीवर व्हायचा. एक दिवस शेजारच्या औषधाच्या दुकानातली बाई ढब्बूला बघून हसत म्हणाली, "लाँड्रीवाल्यांची ना तू?" बस्स. एवढंच म्हणाली. आत्याच्या डोक्यात तिडीक गेली.

त्याच दिवशी, वहिनी कामावर असताना, वहिनीनं घडी घालून ठेवलेले कपडे आत्यानं वरून खाली आणले आणि मशीनमध्ये टाकले. चांगली पावडर, गरम पाणी, शेवटी निळं पाणी. ड्रायरमधून काढून इस्त्री केली आणि घडी घातली, ती मात्र वहिनीच्या पद्धतीची, एक बाही बाहेर लोंबती. आत्यानं मुद्दाम वाईट घडी घातली, आयुष्यात पहिल्यांदा. मग नेऊन पुन्हा वरच्या कपाटात ठेवली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. पुढे त्याची सवयच झाली.

वहिनीच्या लक्षात कसं आलं नाही, असं कुणी विचारेल. त्या घरात वेगळा वास यायला वेगळी हवा हवी होती. जिन्यातून वाफ वर यायची, पडद्यांना तोच वास, उशांना तोच, भाताच्या पातेल्यालासुद्धा तोच. नाकं कधीच मेली होती. उलट वहिनी खूश. एकदा ढब्बूचा पांढरा फ्रॉक उजेडात धरून म्हणाली, "बघा ताई, साध्या साबणानंही किती स्वच्छ निघतात! तुम्ही उगाच नावं ठेवत होता." आत्या गालातल्या गालात हसली. तिला वाटलं, वाटू दे बिचारीला जिंकल्यासारखं.

पण ढब्बूला काही गुण येईना. अंघोळ कोमट, मलम वेळच्या वेळी, हवा नीट, धूळ नाही, धूर नाही, लोकर नाही, आणि तरी मान लालभडक. जिथं कपडा घासतो, गळ्याशी, बाह्यांच्या शिवणीखाली, तिथं जास्त. वहिनी रात्ररात्र तिचे हात धरून बसायची. सकाळी ऑफिसात डुलक्या घ्यायची. एकदा जेवताना ताटावर हात तसाच ठेवून म्हणाली, "माझ्याच रक्तातला दोष आहे हा. मी सगळं केलं, आता मलाच कापून टाका."

खरं तर तेव्हा आत्यानं तिच्या पाठीवर हात ठेवायचा. पण ती म्हणाली, "तुमच्याकडे दमा आहेच म्हणा." माणूस वाईट नसतं, जीभ वाईट असते.

मग वहिनीनं खाण्यावर हात टाकला. कुणीतरी सांगितलं दूध वाईट, दूध बंद. कुणी म्हणालं अंडं, अंडं बंद. नंतर शेंगदाणे. नंतर गहू, म्हणजे पाव आणि बिस्किटंही. डॉक्टरीणबाईंनी नको म्हटलं होतं, पण रडणाऱ्या लेकराचे हात धरून ज्यानं रात्र काढलीय त्यानं काय काय केलं नसतं? चोर सोडून संन्याशाला सुळी चालली होती, आणि चोर रोज सकाळी इस्त्री होऊन कपाटात जात होता.

ढब्बूनं त्रागा केला नाही, हेच जास्त वाईट. पहिले दोन-चार दिवस दुधासाठी रडली, मग शिकली. कुणी हातावर बिस्कीट ठेवलं तर परत करायची आणि मोठ्या माणसासारखं सांगायची, "मला चालत नाही. मला खाज येते." ऐकणारे म्हणायचे, केवढी शहाणी! आत्याही म्हणायची. आत्याचा तर जीव होता तिच्यावर. कपडे ती त्या जिवापायीच धूत होती, हे कुणी नाकारू नये.

थंडीच्या सुरुवातीला मोठ्या मशीनची मोटर जळली, आणि दुसरं मशीन त्याच आठवड्यात गळायला लागलं. सुटा भाग बाहेरून यायचा होता. दादानं गिऱ्हाइकांचे गठ्ठे एका ओळखीच्या लाँड्रीकडे पाठवायला सुरुवात केली. आत्या रिकाम्या खोलीत फरशी घासत बसायची. ढब्बूचे कपडे दोरीवरून सरळ कपाटात जाऊ लागले, राखाडीचे राखाडी. आत्या बघायची आणि सुस्कारा टाकायची.

आणि ढब्बू बरी व्हायला लागली. आधी मानेचा लालपणा ओसरला. मग कोपरांच्या घड्यांतले खवले गळले आणि खाली गुलाबी, गुळगुळीत कातडी दिसली. एका सकाळी चादर स्वच्छ निघाली. वहिनी ती चादर हातात घेऊन जिना उतरून दुकानात आली आणि गिऱ्हाइकांसमोर रडली. "गहू बंद केला ना, त्याचा गुण! मी म्हणत होते!" दादानं इस्त्री बाजूला ठेवून लेकीला उचललं. आत्यालाही इतका आनंद झाला की तिनं वहिनीला मिठीच मारली. त्या घरात त्या दोघींनी एकमेकींना धरल्याचं कुणी याआधी पाहिलं नव्हतं.

मशीन दुरुस्त होऊन आलं. आत्यानं पहिल्या फेरीत ढब्बूचे सगळे कपडे घातले, चादरीसकट. पोर बरी झालीय, आता स्वच्छ कपड्यात मिरवू दे. निळं पाणीही हात सैल सोडून ओतलं. इतक्या दिवसांची कसर होती.

आठवडा सरला नाही तोच मान पुन्हा पेटली. या वेळी पाठही. ढब्बू भिंतीला पाठ घासायची, जनावरासारखी. वहिनीच्या चेहऱ्याकडे बघवेना. संध्याकाळी तिनं आत्याला वरच्या खोलीत गाठलं आणि दार लावून घेतलं.

"ताई, एक विचारते. रागावू नका. तुम्ही तिला माझ्यामागे काही खायला देता का?"

"मी?"

"दूध, बिस्कीट, काहीतरी. दया येऊन. दिलं असेल तर सांगा, मी काही बोलणार नाही. पण मला कळू दे. एकदा बरी झालेली पोर अशी का उलटते?"

आत्या भडकली. आळ खोटा होता, आणि खोट्या आळाचा राग फार ऐटदार असतो. "ढब्बूची शपथ घेऊन सांगते! एक कण दिला असेल तर जीभ झडो माझी. तुझ्या लेकीच्या बाबतीत मी तुझ्यापासून लपवून आजवर काही म्हणून..."

आणि ती थांबली. पुढचा शब्द तोंडातच राहिला. वहिनीला वाटलं, ताईंना भरून आलं. ती एकदम वरमली, "चुकले मी, ताई, माफ करा," म्हणाली आणि आत्याचे हात हातात घेतले.

आत्या खाली गेली. मशीनच्या गोल काचेसमोर पालथ्या बादलीवर बसली. हिशेब अवघड नव्हता. मशीन बंद होतं, पोर बरी होती. मशीन चालू झालं, पोर पेटली. मानेशी, बाह्यांच्या शिवणीखाली आणि आता चादर धुतल्यावर पाठीला. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो वळसा तिनं सगळ्या घराला घालायला लावला होता.  आयुष्यात पहिल्यांदा त्या निळ्या पाण्याचा वास तिच्या नाकाला टोचला.

आता सांगायचं? सांगितलं की काय होईल, ते तिला लख्ख दिसत होतं. वहिनी पोरीला पुन्हा तिच्याकडे सोडणार नाही. दादा काही बोलणार नाही, आणि त्याचं न बोलणं जन्मभर पुरेल. मग तिच्या मनानं एक पळवाट काढली, आणि ती अगदी प्रामाणिक वाटली. आपण फक्त थांबायचं. गुपचूप सुरू केलं, गुपचूप बंद. पोर बरी झाल्याशी मतलब. त्या दिवशी आणि पुढचे काही दिवस तिनं ढब्बूचे सगळे कपडे साध्या पाण्यातून पुन्हा पुन्हा काढले, वास जाईपर्यंत, आणि न इस्त्री करता दोरीवर टाकले.

ढब्बू बरी झाली. पुरती नाही, थंडीनं पोटऱ्या कोरड्या पडायच्या, कुठे एखादा चट्टा राहिला. पण झोपायला लागली. फक्त दरम्यानच्या काळात वहिनीनं केळं आणि डाळही बंद केली होती. आणि आता तिची खात्री पटली होती की डाळच होती, शेवटचा चोर डाळच होता. ढब्बूच्या ताटात भात, दोन भाज्या आणि थोडं तेल उरलं. फ्रॉक खांद्यावरून घसरायला लागला. ढब्बू म्हणून हाक मारताना दादाची जीभ अडखळायची. जिना चढताना पोर मध्येच पायरीवर बसायची आणि म्हणायची, "थांब हं आत्या, मी दमले."

डॉक्टरीणबाईंकडे आत्याही बरोबर गेली, पोरीला कडेवर घेऊन. वजनकाट्यावर उभी केली तेव्हा डॉक्टरीणबाईंच्या कपाळाला आठी पडली. त्यांनी खालची पापणी ओढून पाहिली, नखं पाहिली.

"वजन वाढायच्या जागी उतरलंय. काय काय खाते?"

वहिनीनं सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "कुणाला विचारून बंद केलं हे सगळं? आपण केलेल्या ॲलर्जीच्या तपासणीत यातलं काही आलं नव्हतं. मी सांगितलं होतं ना तुम्हाला?"

वहिनी घाबरली नाही. तिनं ढब्बूची बाही वर सारली आणि कोपर पुढे केलं. "हे बघा. तुमच्या मलमानं झालं नव्हतं हे. गहू बंद केला तेव्हा बरी झाली. मग काहीतरी पोटात गेलं आणि उलटली. डाळ बंद केली, पुन्हा बरी. माझ्या डोळ्यांनी बघितलंय. तुम्ही तपासण्या सांगा, मी पोर दाखवते."

डॉक्टरीणबाई त्या गुळगुळीत कोपराकडे बघत राहिल्या. खाणं परत सुरू करा म्हणाल्या, पण वहिनी ऐकेना. पुरावा समोर होता, आणि तो पुरावा आत्यानं तयार केला होता, आधी धुऊन आणि मग न धुऊन. आपण काय केलंय ते तिला त्या खुर्चीवर बसल्या बसल्या पुरतं कळलं. नुसतं थांबून भागणार नव्हतं. ती गप्प होती तोवर या पोरीच्या ताटात डाळ येणार नव्हती, दूध येणार नव्हतं. तिच्या गप्प राहण्यानं पोर उपाशी मरत होती. तरीही त्या खोलीत तिच्या तोंडून शब्द फुटला नाही. लाज वाटली, दुसरं काही नाही.

घरी आल्यावर ढब्बू दुपारीच झोपून गेली. वहिनी कपाटाशी कपडे लावत होती. आत्या दारात उभी राहिली.

"वहिनी, डाळीनं नाही झालं. गव्हानंही नाही. कशानंच नाही."

"म्हणजे?"

"तू धुतलेले कपडे मी पुन्हा मशीनमध्ये टाकत होते. आपल्या पावडरीत. निळ्या पाण्यात."

वहिनीच्या हातात ढब्बूचा परकर होता. तो तिनं तसाच धरला. "कधीपासून?"

"तू नको म्हणालीस तेव्हापासून."

"रोज?"

"रोज. मशीन बंद पडलं तेव्हा ती बरी झाली. आलं तेव्हा उलटली. मग मी बंद केलं."

वहिनीला सगळं जुळवायला थोडा वेळ लागला. तिचे ओठ हलत होते, जणू ती एकेक पदार्थ आठवत होती. "मी तिचं दूध तोडलं, ताई," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "ती रडत होती तेव्हा मी पेला उचलून ठेवून दिला. तुम्ही समोर बसला होतात."

"तेव्हा मला माहीत नव्हतं."

"आणि आज? तिथं डॉक्टरसमोर?"

"आज माहीत होतं."

आत्याला वाटलं होतं, वहिनी ओरडेल, हाकलून देईल. त्याची तिनं तयारी केली होती. वहिनी फक्त म्हणाली, "मी स्वतःला शाप देत होते हो. माझं रक्त वाईट म्हणून." आणि परकराची घडी घालायला लागली, उलगडायची, पुन्हा घालायची. खाली दादाच्या इस्त्रीचा आवाज येत होता. थोड्या वेळानं वहिनी खाली गेली, आणि तो आवाज थांबला.

दुसऱ्या दिवशी तिघंही पोरीला घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेले. दादा वाटेत आत्याशी बोलला नाही, पण रिक्षात तिच्यासाठी जागा ठेवली. आत्यानं स्वतः सांगितलं, सुरुवातीपासून, घडीच्या लोंबत्या बाहीसकट. डॉक्टरीणबाईंनी टोचून काही म्हटलं नाही. कपड्यांनी भर घातली, कातडी मुळात नाजूकच आहे, पुढेही सांभाळावंच लागेल, म्हणाल्या. घरात वासाचं काही नको, दुकानाची वाफ वर येते तर जिन्याला दार बसवा. आणि खाणं एकेक करून परत सुरू करायचं. इतके दिवस बंद होतं, तेव्हा पहिला घोट इथं, माझ्या समोर.

एका छोट्या वाटीत दूध आलं. वहिनीनं चमचा भरला आणि ढब्बूच्या तोंडाशी नेला. 

ढब्बूनं दोन्ही तळव्यांनी तोंड झाकलं.

"पी बाळा. आता चालतं तुला."

"नाही चालत," तळव्यांआडून आवाज आला. "मला खाज येते. मी शहाणी आहे."

दादानं समजावलं, डॉक्टरीणबाईंनी समजावलं. डोकं नाही नाही हलत राहिलं. शेवटी ढब्बू आत्याकडे वळली. सगळी मोठी माणसं एका बाजूला झाली की ती नेहमी आत्याकडेच वळायची. "आत्या, तू सांग ना आईला."

आत्या तिच्यासमोर खाली बसली. "तुला चालतं गं, सोने. दुधानं कधीच खाज आली नव्हती. आत्यानं चूक केली होती. कपड्यांची खाज होती ती."

ढब्बू तिच्याकडे बघत राहिली. मग हळूच सरकून आईच्या गुडघ्यांमध्ये शिरली आणि वर बघून म्हणाली, "आई, आत्या खोटं बोलते."

 आत्यानं मान वर केली. वहिनीही तिच्याकडेच बघत होती. आता आत्याच्या बाजूनं बोलायचं की नाही, हे सर्वस्वी वहिनीच्या हातात होतं, आणि आत्यानं नजरेनंही काही मागितलं नाही.

"नाही," वहिनी म्हणाली.  "आत्ता खरं बोलतेय आत्या."

ढब्बूनं हात काढले. आईवरची नजर न हलवता तोंड उघडलं, दूध गिळलं, आणि गिळल्याबरोबर दोन्ही बाह्या वर सारून कोपरांच्या घड्यांकडे बघत बसली, खाज कधी येते त्याची वाट बघत.